दुसरी कुंडी

जुहूच्या किनाऱ्यावर रविवारीं सायंकाळीं जीं कुटुंबें फिरावयास येतात, त्यांतील एखादें दहाबारा वर्षांचें मूल घरीं परततांना बाटलींत समुद्राचें पाणी भरून घेतें, ही कांहीं मोठी नवलाची गोष्ट नव्हे. घरीं गेल्यावर तें पाणी खिडकींतील कुंडीस घालावयाचें आणि तींत पेरलेले मूग उगवतात कीं नाहीं हें पाहावयाचें, असा त्याचा बेत असतो. वडील मंडळी बहुधा हंसून म्हणतात, “अरे, खाऱ्या पाण्यावर कधीं मूग उगवतात काय?” हें उत्तर चुकीचें नाहीं. परंतु मुलाजवळ त्यावर प्रश्न तयारच असतो: मग समुद्राला लागून त्या नारळी कशा उभ्या आहेत?

येथून पुढें दोन वाटा फुटतात. एक वाट अशी कीं, मोठ्यांनीं कारण सांगावें, मुलानें तें ऐकावें आणि प्रकरण मिटावें. दुसरी वाट कुंडीची. मात्र तेथें एक कुंडी पुरत नाहीं. एकाच कुंडींत खारें पाणी घातलें आणि मूग उगवले नाहींत, तर त्यावरून काय ठरलें? कदाचित् दाणे जुने असतील, कदाचित् पाणी फार झालें असेल, कदाचित् कुंडीवर ऊन मुळींच येत नसेल. या सर्व शंकांचें निरसन व्हावें म्हणून शेजारीं दुसरी कुंडी हवी. माती तीच, दाणे तेच, जागा तीच, पाण्याचें मापही तेंच. फक्त पाणी नळाचें. पहिल्या कुंडींत जें घडतें त्याला अर्थ येतो तो या दुसऱ्या कुंडीमुळें. शास्त्रज्ञ ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात, त्याचें सारें सामर्थ्य या साध्या जोडींत आहे. ही दुसरी कुंडी शाळेंतील मुलांच्या हातीं येण्यास मात्र फार काळ लागला, आणि त्या इतिहासाचा एक मोठा भाग मुंबईंतच घडला आहे.

या जोडीचें एक प्रसिद्ध आणि जुनें उदाहरण इटलींतील आहे. सडक्या मांसांतून अळ्या आपोआप निर्माण होतात, अशी तेव्हां सर्वत्र समजूत होती. १६६८ सालीं फ्रान्सेस्को रेडी यानें कांहीं भांड्यांत मांस घालून त्यांचीं तोंडें बंद केलीं आणि कांहीं भांडीं उघडीं ठेविलीं. अळ्या उघड्या भांड्यांतच झाल्या. तेव्हां अशी शंका उरली कीं, बंद भांड्यांत हवाच शिरली नाहीं, मग अळ्या कशा होणार? रेडीनें वाद घातला नाहीं. त्यानें तिसऱ्या प्रकारचीं भांडीं मांडून त्यांवर बारीक जाळीचें वस्त्र ताणलें. हवा आंत गेली, माशा बाहेर राहिल्या, आणि मांसावर अळ्या झाल्या नाहींत. शंकेला उत्तर म्हणून आणखी एक भांडें मांडावयाचें, ही शास्त्राची रीत या प्रयोगांत स्पष्ट दिसते.

मुंबईला या रीतीचा परिचय झाला तो अत्यंत कठीण काळीं. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि शहर ओस पडूं लागलें. सरकारच्या बोलावण्यावरून वाल्देमार हाफकिन हे मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत लहानशी प्रयोगशाळा थाटून त्यांनीं प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां तेथील जे कैदी राजी होते त्यांना ती टोंचण्यांत आली. कैदी एकाच इमारतींत राहात, एकच अन्न खात. फरक एवढाच कीं कांहींना लस टोंचली होती आणि कांहींना नाहीं. टोंचलेल्यांत रोग स्पष्टपणें कमी झाला.

तथापि या पहिल्या प्रयोगांत एक उणीव होती. जे आपण होऊन पुढें आले ते मुळांतच अधिक धीट किंवा अधिक धडधाकट असतील, अशी शंका घेण्यास जागा होती. पुढें उमरखाडीच्या तुरुंगांत ती जागा बुजविण्यासाठीं कैद्यांना ओळींत बसवून एक सोडून एक अशी टोंचणी करण्यांत आली. १८९८ च्या फेब्रुवारींत बडोद्यानजीकच्या उंडेरा गांवीं तर प्रत्येक घरांतील माणसांचे दोन भाग करून एका भागास लस देण्यांत आली. तेथील आंकडे आजही वाचणाऱ्यास अस्वस्थ करतात. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ आजारी पडले व ३ दगावले. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ दगावले. हे आंकडे पाहिले म्हणजे तुलनेचा प्रयोग ही निव्वळ पुस्तकी हौस नव्हे हें कळतें. आणि तो माणसांवर करावयाचा असेल तेव्हां केवढी जबाबदारी डोक्यावर येते, हेंही कळतें.

हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढें १८९९ सालीं परळ येथील जुन्या राजभवनांत आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नांवानें ओळखली जाऊं लागली. परळ आणि जुहू यांत अंतर थोडें आहे. पण परळच्या प्रयोगशाळेंतील विचार मुंबईच्या साध्या शाळांतील बांकावर पोंचावयास पाऊण शतक जावें लागलें.

शाळांत प्रयोग नव्हते असें नाहीं. वहींत ‘साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान’ अशीं चार शीर्षकें आंखून घेण्याची पद्धति कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. परंतु प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर व्हावयाचा, मुलांनीं तो लांबून पाहावयाचा, आणि अनुमान तर पुस्तकांत आधींच छापलेलें असावयाचें. तें वहींत उतरून घेतलें कीं निरीक्षण त्याला जुळतें करून लिहावयाचें, हा क्रम सर्वांच्या अंगवळणीं पडला होता. त्यांत मुलें लबाड होतीं असें नव्हे. ज्याचें उत्तर अगोदरच ठरलें आहे, तेथें पाहण्याजोगें कांहीं उरतच नाहीं, इतकेंच.

या क्रमाविरुद्ध आवाज प्रथम इंग्लंडांत उठला. तेथील रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असें प्रतिपादन केलें कीं, विद्यार्थ्याला शक्य तितकें शोधकाच्या जागीं उभें करावें. आपल्याकडे मराठींत विज्ञान घरोघरीं नेण्याचा उद्योग पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें १९२८ पासून केला. पण मासिक घरीं आलें तरी शाळेची वही तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धांत युरोपांतील पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. अशा देशांतील शिक्षकांसाठीं युनेस्कोनें साध्या साहित्यावर प्रयोग कसे करावे याच्या सूचना प्रसिद्ध केल्या, आणि १९५६ सालीं त्यांतूनच विज्ञानशिक्षकांसाठीं एक मोठें साधनपुस्तक सिद्ध झालें. १९५७ सालीं रशियानें कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेंतही शाळेच्या विज्ञानाची फेररचना वेगानें सुरू झाली. डबे, बाटल्या, दोरा आणि मेणबत्ती यांवर खरें विज्ञान शिकवितां येतें, ही गोष्ट अशा रीतीनें जगानें मान्य केली.

मुंबईंत हें वारें आलें तें कुलाब्याहून. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं १९७० च्या सुमारास महानगरपालिकेच्या शाळांतील शिक्षकांबरोबर काम करण्यास आरंभ केला. विश्वकिरणांचा आणि अणूंच्या अंतरंगाचा अभ्यास करणारी ही मंडळी फुरसतीच्या वेळीं शिक्षकांबरोबर बसून सहावी-सातवीच्या वर्गांत काय करतां येईल याचा विचार करूं लागली. भौतिकीचे नामवंत अभ्यासक भालचंद्र उदगांवकर हे या उद्योगाच्या प्रमुख आधारांपैकीं होते. त्यांतूनच १९७४ सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जन्मास आलें. त्याला सर दोराबजी टाटा न्यासाचें साहाय्य लाभलें, वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक झाले, आणि नाना चौकांतील महानगरपालिकेच्या एका शाळेंत त्याचा संसार मांडला गेला. आज हें केंद्र मानखुर्द येथें आहे. पण त्याचा आरंभ पालिकेच्या शाळेंत झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण जेथें साधनें सर्वांत थोडीं तेथेंच हा विचार पारखून पाहावयाचा होता.

याच टाटा संस्थेंत काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल मुंबई सोडून मध्यप्रदेशांत गेले आणि होशंगाबाद जिल्ह्यांत त्यांनीं ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरच्या सहकार्यानें १९७२ सालीं तेथील १६ माध्यमिक शाळांत एक नवा उपक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनीं चारचारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करावेत आणि उत्तरें आपसांतील चर्चेंतून काढावींत, हें त्याचें सूत्र होतें. ‘बाल वैज्ञानिक’ नांवाच्या त्यांच्या पुस्तकांत प्रश्न होते, कृति होती. छापलेलीं अनुमानें नव्हतीं. परीक्षेस बसतांना पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा होती, आणि हातानें प्रयोग करून दाखविण्यास गुण होते. १९७८ सालीं हा उपक्रम जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक शाळांत गेला. पुण्याच्या मोटारीच्या कारखान्यांतून रजा घेऊन आलेले अरविंद गुप्ता यांनीं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृति उभ्या केल्या, त्या याच सुमारास.

या सर्व खटाटोपांतून मधल्या वर्गांतील मुलांसाठीं प्रयोग कसा रचावा याचे कांहीं साधे नियम हातीं येतात. ते समजून घेण्यास पुन्हा जुहूच्या बाटलीकडे वळणें सोयीचें होईल.

पहिला नियम असा कीं, प्रश्न लहान असावा. ‘समुद्राचें पाणी वनस्पतींना वाईट कां?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘समुद्राच्या पाण्यांत मुगाचे दाणे नळाच्या पाण्याइतकेच उगवतात काय?’ हा प्रश्न सात दिवसांत सुटण्याजोगा आहे. दुसरा नियम, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. कुंड्या सारख्या, माती एकाच पोत्यांतील, दाणे एकाच पुडींतील, पाणी रोज ठराविक वेळीं त्याच चमच्यानें मोजून. खिडकींतील एक कोपरा अधिक उन्हाचा असेल तर कुंड्यांच्या जागा रोज आलटून पालटून ठेवाव्या. तिसरा नियम संख्येचा. मोड आणतांना मुगांत कांहीं दाणे गणंग निघतात आणि कितीही भिजविले तरी फुगत नाहींत, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतें. म्हणून कुंडींत एक दाणा पेरून भागत नाहीं. निदान दहा पेरावे, आणि जमल्यास प्रत्येक प्रकारच्या दोन किंवा तीन कुंड्या कराव्या. उमरखाडीच्या तुरुंगांतील धडा येथेंही लागू आहे: टपोरे दाणे एकीकडे आणि बारीक दुसरीकडे असें होऊं नये म्हणून डोळे मिटून दाणे वाटावे.

चौथा नियम नोंदीचा. काय होईल असें वाटतें तें आधीं लिहून ठेवावें, म्हणजे मागाहून ‘मला ठाऊकच होतें’ असें म्हणण्याचा मोह होत नाहीं. मग रोज एकाच वेळीं उगवलेले दाणे मोजून आंकडा मांडावा. आंकडा चुकला तर खोडून नवा लिहावा, पण पान फाडूं नये. कुंडीखालीं चिठ्ठी चिकटवून मोजणाऱ्यास ती दिसूं न दिली तर आणखी उत्तम. कारण जें पाहावेंसें वाटतें तें डोळ्यांस दिसूं लागतें, हा अनुभव मोठमोठ्या संशोधकांनाही आलेला आहे.

हें सर्व करून निव्वळ समुद्राच्या पाण्यांतील मूग बहुधा उगवणार नाहींत. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि इतक्या खाऱ्या पाण्यांतून दाण्याला आपल्या गरजेपुरतें पाणी शोषून घेतां येत नाहीं. पण येथें एखादी चौकस मुलगी विचारील, “हें मिठामुळें झालें कशावरून? जुहूच्या पाण्यांत शहराचें सांडपाणीही येतें. कदाचित् त्यानें दाणे मेले असतील.” ही शंका रेडीच्या काळच्या शंकेच्याच जातीची आहे, आणि तिचें उत्तरही तसेंच द्यावयाचें: तिसरी कुंडी मांडून. एक लिटर नळाच्या पाण्यांत ३५ ग्रॅम मीठ विरघळवून तें पाणी तींत घालावें. मग समुद्राच्या पाण्यांत निम्मे, तीनचतुर्थांश असें गोडें पाणी मिसळून आणखी कुंड्या मांडाव्या आणि दाणे कोणत्या पायरीवर उगवूं लागतात तें पाहावें. पावसाळ्यांत किनाऱ्याजवळचें पाणी कमी खारें होतें, म्हणून बाटली कोणत्या महिन्यांत भरली हेंही वहींत लिहावें. समुद्राचें पाणी हाताळल्यावर हात साबणानें धुवावेत, हें सांगावयास नकोच.

आणि त्या नारळींचें काय? नारळ मुगापेक्षां पुष्कळ अधिक खारेपणा सहन करतो. शिवाय वाळूंत मुरलेलें पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, आणि नारळीचीं मुळें त्यावर जगूं शकतात. मुलाच्या मूळ प्रश्नाचें उत्तर असें आहे. परंतु कुंड्या मांडलेल्या मुलास तें जितकें पटेल तितकें नुसतें ऐकणाऱ्यास पटणार नाहीं.

आतां या इतिहासांतील अवघड भागाकडे वळलें पाहिजे. प्रयोग मुलांच्या हातीं दिला म्हणजे उत्तर ठरविण्याचा अधिकारही थोडाबहुत त्यांच्या हातीं जातो. आठ टोळ्यांपैकीं सात टोळ्यांचें उत्तर एक आलें आणि आठवीचें वेगळें, तर शिक्षकानें काय करावें? ‘पुस्तकांत असें आहे’ म्हणून तिला गप्प करणें सोपें असतें. होशंगाबादच्या शिक्षकांस शिकविलें गेलें तें निराळें: सर्वांचे आंकडे फळ्यावर मांडा, फरक कशानें पडला तें शोधा, आणि प्रयोग पुन्हा करा. यास वेळ लागतो. अभ्यासक्रमांतील धडे कमी करावे लागतात, आणि ‘मला ठाऊक नाहीं, पाहूं या’ असें चाळीस मुलांसमोर म्हणण्याचें धैर्य शिक्षकाजवळ असावें लागतें. पालकांना आणि परीक्षकांना हें सर्व नेहमींच मानवतें असें नाहीं. तीस वर्षें चाललेला आणि अनेक जिल्ह्यांत पसरलेला तो उपक्रम २००२ सालीं मध्यप्रदेश शासनानें बंद केला, आणि तेथील मुलांच्या हातीं इतर जिल्ह्यांप्रमाणेंच नेहमींचें पाठ्यपुस्तक आलें. तो चालूं ठेवावा म्हणून देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं आवाज उठविला, पण निर्णय फिरला नाहीं.

मुंबईंतील काम मात्र निराळ्या वाटेनें टिकलें. होमी भाभा केंद्रानें आरंभींच्या काळांत एक मार्मिक प्रश्न घेतला. पालिकेच्या शाळांतील मुलें विज्ञानांत मागें पडतात तीं विज्ञान कठीण म्हणून, कीं पाठ्यपुस्तकाची मराठी कठीण म्हणून? त्यासाठीं धड्यांची भाषा सोपी केली, आणि सोपी भाषा वाचणारा एक गट व तुलनेचा दुसरा गट अशी मांडणी करून पाहिलें. सोप्या भाषेनें मुलांची समज वाढल्याचें दिसून आलें. मुलांना जी शिस्त शिकवावयाची, तीच शिक्षणाला लावून पाहण्याचा हा प्रामाणिकपणा होता.

मुंबईंतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनें १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तींत सहावी आणि नववीच्या मुलांस लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही द्यावी लागते आणि एक प्रकल्प स्वतः करावा लागतो. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदही दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरांतील प्रश्न घेऊन प्रयोग करावयास लावते. हें स्वागतार्ह आहे. पण बक्षिसाबरोबर जुना रोगही नव्या रूपानें येऊं शकतो. प्रकल्प आईबापांनीं रचावा, तक्ते दुकानांतून यावेत, आणि आंकडे निष्कर्षाला शोभतील असे भरले जावेत, असें झालें तर छापील अनुमान उतरविणाऱ्या जुन्या वहींत आणि या रंगीत तक्त्यांत फरक काय राहिला? घरांतील वडील मंडळींनीं करावयाची मदत तशी थोडीच आहे: कुंड्या, माती आणि खिडकींतील जागा द्यावी, उत्तर मात्र सात दिवस देऊं नये.

त्या सात दिवसांत फजितीही होईल. एखाद्या दिवशीं पाणी घालावयाचें राहील, मांजर कुंडी पाडील, आणि नळाच्या पाण्याच्या कुंडींतही दहांपैकीं सहाच दाणे उगवतील. तेव्हां मुलानें वहींत ‘सहा’ असेंच लिहावें, दहा लिहूं नये. शेजारच्या कुंडींत एकही दाणा उगवला नसतां हा सहाचा आंकडाच त्याला खरें काय तें सांगेल.